शेवग्याची सावली

गच्चीवरच्या वस्तू माणसांशी बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट. सदूअण्णांच्या घरावर सोलरचं पॅनेल बसलं आणि त्याचा रुबाब काय विचारता! पण ऐन उन्हाळ्यात वीज कमी पडू लागली, पंखे रडतखडत फिरू लागले. अण्णांनी जाब विचारला तसं पॅनेल म्हणालं, "मी काय करू? अंगणातल्या त्या शेवग्याची सावली पडते ना माझ्यावर!"

अण्णांनी कोयता घेतला आणि शेवगा बुंध्यापर्यंत तोडला. पंखे मात्र तसेच रखडत राहिले.

चार दिवसांनी शेजारच्या अनसूयाकाकू कुरडया वाळत घालायला गच्चीवर आल्या. "अगंबाई, केवढी ही धूळ!" म्हणत त्यांनी ओल्या फडक्यानं पॅनेल पुसलं. त्या दुपारी पंखे गरगरा फिरले.

आषाढात बुंध्याला पालवी फुटली. शेवग्यानं हळूच विचारलं, "दादा, कुठवर वाढू? तुझ्यावर सावली पडायला नको."

पॅनेलला तोंड लपवावंसं वाटलं. पण नटबोल्टांनी आवळलेलं ते तोंड, लख्ख पुसलेलं, सगळ्यांदेखत आभाळाकडे उघडंच राहिलं.