तांब्याबाहेरचं पाणी

"महाराज, खरं सांगा. तांब्याबाहेरचं पाणी कुठं प्यालात?"

शिष्य दयागिर वजनकाट्याकडे बघत होता. परवापासून दोन किलो वाढ. पायांवर सूज.

शिवगिर महाराज सावकाश काट्यावरून खाली उतरले.

महाराजांचं हृदय अशक्त झालं होतं. हे दुखणं बरं व्हायचं नाही, जन्मभर सांभाळायचं, असं तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. रोज सकाळी वजन. मीठ बेताचं. गोळ्या वेळेवर. आणि दिवसभरात पाणी एवढंच, एक पितळी तांब्या.

दयागिरनं या सगळ्याचा तक्ता करून मठाच्या भिंतीवर डकवला. डॉक्टरांनी पाठ थोपटली, तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते. स्वयंपाकीणबाईंच्या हातातला मिठाचा डबासुद्धा त्यानं काढून घेतला होता.

"तक्त्यात चूक नाही," तो म्हणाला. "मग पाणी आलं कुठून?"

"काल दर्शनाला किती माणसं होती?"

"असतील चाळीस."

"प्रत्येकानं काय केलं?"

दयागिर सांगू लागला आणि मधेच थांबला…

मठाची रीत जुनी. येणारा घरून पाण्याचा गडू आणतो, गुरूच्या ओंजळीत धार धरतो. गुरू घोटभर पितात, गडूत उरलेलं तीर्थ म्हणून घरी जातं. दयागिर वीस वर्षं हे बघत होता. पण तीर्थ म्हणजे पाणी, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुम्ही तरी सांगायचं, महाराज!"

"सांगितलं असतं तर तू दार लावलं असतंस."

"लावतोच आता."

"कोसभर चालून आलेला माणूस भरला गडू तसाच परत नेईल?"

कडी लावायला गेलेला दयागिरचा हात खाली आला.

"बाराची जीप सांग. डॉक्टरांकडे जाऊ," महाराज म्हणाले. "तोवर बाहेर माणसं खोळंबलीत. तू बस."

"कुठं?"

महाराजांनी गादीकडे बोट दाखवलं.

गुरूनं देह ठेवल्याशिवाय शिष्यानं त्या गादीवर बसायचं नाही, हीही मठाची रीतच. दयागिर दोन पावलं मागं सरला.

"महाराज, तुम्ही असताना…"

"मी असावं म्हणूनच."

तो बसला. गुडघे मिटून, चोरासारखा, गादीच्या कडेला. डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबेना.

दार उघडलं. रांगेत सगळ्यांत पुढं महाराजच उभे होते, भिंतीला धरून, धापा टाकत. हातात तो पितळी तांब्या.

दयागिरच्या ओंजळीत त्यांनी धार धरली.

"पी," महाराज म्हणाले. "आणि तक्त्यात आज माझी एक ओंजळ कमी लिही."