सुवर्णलेखा राणीने अळ्यांना विष पाजले, त्याची कथा

एका राज्यात एक झाड होते, आणि त्या झाडाला राजपुत्राचा जीव टांगलेला होता. झाले असे, की चंडकेतू मांत्रिकाला राजाने भर दरबारात हसून घालवले. मांत्रिकाने रागाने राजपुत्र इंद्रनीलावर पाणी शिंपडले. पोर बेशुद्ध पडले आणि पायांपासून दगड होऊ लागले. "महालामागच्या कडुवृक्षाला फूल येईल, तेव्हाच हा उठेल," असे म्हणून तो धूर होऊन निघून गेला. राजा त्याच्या मागावर रानोमाळ गेला आणि महालात राणी सुवर्णलेखा उरली.

झाडाला कळ्या येत, आणि हिरव्या अळ्या त्या फस्त करीत. राणीला कळेना, इतक्या कडू झाडाला कीड लागतेच कशी?

प्रधान धरणीधर म्हणाले, "महाराणी, झाड पुरेसे कडू नाही. पाताळविहिरीचे पाणी मुळाशी घालावे."

"किती घालू?"

"राजघराण्यातल्या बाळांना मधातून विष चाटवतात, तसेच. आज कणभर, उद्या थोडे जास्त. एकदम घातले तर झाड दगावेल."

राणी विहिरीत उतरली. राखणदार यक्षिणीने तिचे लांबसडक केस मागितले, ते तिने कापून दिले. कडू पाणी थेंबाथेंबाने मुळांत मुरले. अळ्या पटापट गळल्या. पण दोन-चार चिवट निघाल्या. त्यांनी पाने खाल्ली, त्यांची पिलावळ वाढली, आणि झाड पुन्हा बोडके झाले. दगड राजपुत्राच्या कमरेपर्यंत चढला.

मग राणी नागराजाकडे गेली. त्याने तिच्या डोळ्यांतली झोप मागितली, तीही तिने दिली. नागाचे विष त्याच रीतीने, जपून, वाढवत वाढवत झाडाला पाजले. अळ्या आता लाल-काळ्या झाल्या, टरारून फुगल्या. राणीने कपाळाला हात लावला. जो उपाय करावा तो उलटाच का पडतो?

इतक्यात एक कोतवाल पक्षी ओकत तिच्या पायाशी पडला.

"राणीसाहेब, अळी खाल्ली. पूर्वी गोड लागायची. आता तुमचेच विष तिच्या अंगात भरले आहे."

"तिला ते बाधत कसे नाही?"

"कणाकणाने दिल्यावर कसे बाधेल? तुमच्या घराण्यात बाधते का?"

राणीच्या ध्यानात आले. शत्रूच्या लेकरांना तिने राजपुत्रांसारखे वाढवले होते.

"आता मी काय करू?"

"मुळे गोड्या पाण्याने धुवा. मग हात बांधून बसा."

"आणि झाड खाल्ले जाताना बघत राहू?"

"चावलेले पान वास सोडते. ती झाडाची हाक. विषाच्या दर्पात ती कोणापर्यंत पोचतच नाही."

राणीला यातले निम्मेही उमगले नाही. तरी तिने मुळे धुतली आणि पारावर बसली. अळ्या कुरतडत होत्या. दगड मुलाच्या गळ्याशी आला. अळी चिरडायला तिचा हात दहादा उठला आणि दहादा तिने तो मागे ओढला. काही न करणे इतके जड असते, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

उन्हे चढली तसा ओल्या गवतासारखा उग्र वास सुटला. त्या वासावर डोंगरापलीकडून बारीक कमरेच्या गांधीलमाश्या आल्या. एकेका अळीला त्यांनी नांगी टोचली, आत अंडी घातली. बघता बघता अंड्यांतून निघालेल्या पिलांनी अळ्या आतून पोखरल्या आणि त्या वाळून गेल्या. शेंड्यावर वाचलेली एकच कळी उमलली.

शाप फिटला. गळ्यापासून पायांपर्यंत दगड विरघळला. त्याच क्षणी दूर रानात चंडकेतूची विद्या आटली, आणि राजा त्याला बांधून घेऊन आला.

इंद्रनीलाने डोळे उघडले आणि खिडकीबाहेर पाहिले.

"आई, झाडाची पाने कोणी खाल्ली?"

"अळ्यांनी," राणी म्हणाली, "आणि बाळा, त्यांना खायला शिकवले मी."

मग तिने त्याला छातीशी धरले आणि ती पोटभर रडली.