पात्रात वाढलेल्या शंका

“...पण मग ती लस दरवर्षी का घ्यावी लागते, भन्ते?”

हा प्रश्न मी आधी विचारला की शेवटी, हे आता खात्रीनं सांगता येत नाही. तेव्हा बारा वाजायचे होते की वाजून गेले होते, हेही आठवत नाही. जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं. स्वतःच्या आठवणीवर किती विसंबावं, याची मला फार धास्ती वाटते. शब्द मात्र बहुतेक हेच होते.

गावाबाहेरच्या विहारात त्या दिवशी फ्लूच्या लशीचं शिबिर होतं. उइके सिस्टर व्हरांड्यात लशीची पेटी घेऊन बसल्या होत्या. बाकीचे म्हातारे टोचून घेऊन घरी गेले होते.

उरलो होतो मी. जुना दमेकरी. आदल्या हिवाळ्यात फ्लूनं मला ऑक्सिजनवर नेऊन ठेवलं होतं. पुन्हा तसं झालं तर घरी परत याल याची हमी नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

भन्ते उपशांत आत भिंतीला टेकून बसले होते. मांडीवर रिकामं भिक्षापात्र. शेजारी कुणाच्या तरी घरून आलेला डबा. भन्ते दिवसातून एकदाच जेवत, तेही बाराच्या आत. बारानंतर घास नाही.

“तुम्ही आज्ञा करा, मी घेतो,” मी म्हणालो.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“घ्या म्हणाले.”

“मग घ्या.”

“पण...”

भन्तेंनी डोळे मिटले.

“पण यंदा कोणता विषाणू येणार, हा त्यांचाही अंदाजच असतो. तो चुकला तर?”

“तर चुकला.”

“लस घेतलेल्यांनाही फ्लू होतोच की.”

“होतो!” सिस्टर बाहेरून ओरडल्या. “पण ऑक्सिजनची पाळी कमी येते, सर. सकाळपासून तेच सांगून राहिले मी!”

“कमी म्हणजे किती कमी?”

पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज आला.

“आणि टोचल्यावर दमा उसळला तर? तीस वर्षं हा आजार सांभाळतोय मी, भन्ते. माझं शरीर मला...”

“कळतं?”

“...हो.”

“मग मला काय विचारता?”

मी पुढची शंका जुळवू लागलो.

सिस्टर दारात आल्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आवरा नं आता, सर! काहून छळता त्यांना?”

त्यांना घरी जायची घाई असेल, असं मला वाटलं.

“माझ्या शंका प्रामाणिक आहेत,” मी म्हणालो. “त्या घेऊन सुईपुढे हात कसा धरू?”

भन्तेंनी पात्र दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरलं.

“यात टाका.”

“काय?”

“शंका. उपासकानं वाढलेलं मी नाकारत नाही. टोचून या. येताना उरल्या, तर परत न्या.”

मला राग आला. थट्टाच ही. तरी मी पात्रावर वाकलो आणि एकेक शंका आत सांगितली, आकडेवारीसकट. भन्तेंनी पात्र खाली ठेवलं नाही.

“झालं?”

“अजून एक आहे...”

“वाढा.”

शेवटी मी उठलो. सिस्टरांनी टोचलं. दंडावर कापूस दाबत मी परत आत गेलो.

“भन्ते, माझ्या शंका?”

त्यांनी पात्र उपडं करून दाखवलं.

“एकही उरली नाही? ठेवायची तरी होती!”

“भिक्षूला साठवता येत नाही, सर. पुढच्या वर्षी ताज्या आणा.”

मी आणल्या. ते होते तोवर दरवर्षी आणल्या.

भन्ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी, निवृत्त झालेल्या उइके सिस्टर बाजारात भेटल्या. मी भाजीची पिशवी खाली ठेवून विचारलं, त्या दिवशी बारा वाजून गेले होते का?

“केव्हाचेच! डबा तसाच परत गेला, सर. मी चिडले, तर मलाच म्हणाले, ‘सिस्टर, आज प्राध्यापकांनी भरपूर वाढलं.’”