कवड्याचं ठाण

एका राज्यात, जिथं प्रत्येक चुलीवरची शेवटची भाकरी कुत्र्याची असे, तिथं एक वेस होती आणि वेशीत एक कुत्रा बसलेला होता. तो कुत्रा मेलेला होता.

तो जिवंत होता तेव्हाचं आधी सांगतो.

त्या राज्याचा राजा वज्रबाहू. त्याला दोन मुलं. थोरली मृगावती, धाकटा उदयभान. उदयभान एकवीस वर्षांचा, अक्षराशी वाकडा आणि घाईचा. मृगावती म्हणे, "हा जन्माला आला तोसुद्धा आठव्या महिन्यात. पोटातही थांबवेना याला."

उदयभानाचा कुत्रा कवड्या. अंगानं काळा, डोळ्यांवर दोन पांढरे ठिपके, कवड्या चिकटवल्यासारखे. लोक म्हणत, असल्या कुत्र्याला चार डोळे असतात. दोन इकडचं पाहायला, दोन तिकडचं. उदयभानानं त्याला दोनच शब्द शिकवले होते. 'ठाण' म्हटलं की जागच्या जागी बसायचं. 'मोकळा' म्हटलं की उठायचं. एकदा 'ठाण' म्हटलं की 'मोकळा' येईपर्यंत कवड्या हलत नसे. पाऊस येवो, हत्ती येवो. आणि शब्द उदयभानाचाच लागे, दुसऱ्याचा चालत नसे.

एका सकाळी उदयभान शेजारच्या राज्यात घोड्यांच्या शर्यतीला निघाला. कवड्या म्हातारा झाला होता, तरी मागं धावत आला. वेशीपाशी उदयभान वळून म्हणाला, "ठाण! सांजेला येतो." कवड्या बसला.

पहिल्या दिवशी उदयभान जिंकला. दुसऱ्या दिवशी हरला. तिसऱ्या दिवशी पुन्हा जिंकेपर्यंत त्यानं घोड्याचं तोंड घराकडं वळवलं नाही.

परतला तेव्हा कवड्या वेशीत बसला होता. कान उभे, तोंड रस्त्याकडं. वेसकरानं समोर ठेवलेलं पाणी तसंच, भाकरी तशीच. उदयभान घोड्यावरून उडी टाकून धावला, गळ्यात हात घातला. कवड्या गार होता. बसल्या बसल्याच गेला होता.

त्या राज्यात रीत अशी. कुत्रा गेला की त्याचा गळपट्टा बारा दिवस खुंटीला टांगायचा. तेराव्या दिवशी तो नदीत सोडायचा, आणि शेवटची भाकरी दारी येईल त्या पहिल्या कुत्र्याला घालायची. तोवर तिन्हीसांजेला गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही. त्या वेळी हाक दोन्हीकडं ऐकू जाते.

"उद्या तेरावा," मृगावती म्हणाली. "गळपट्टा मी सोडून येते. तू भाकरी घाल."

"दुसऱ्या कुत्र्याला? त्याची भाकरी?"

"मग काय तू खाणार आहेस?"

उदयभान उठला. त्या बाराव्या दिवसाच्या तिन्हीसांजेला तो वेशीत उभा राहिला आणि त्यानं तीन हाका मारल्या. "कवड्या! कवड्या! कवड्या!"

तिसऱ्या हाकेला कवड्या आला. म्हणजे चालत आला नाही. नव्हता, आणि मग बसलेला होता. कान उभे, तोंड रस्त्याकडं.

उदयभान आनंदानं रडला. कवड्यानं त्याच्याकडं पाहिलं नाही. धुळीत त्याचं पाऊल उमटलेलं नव्हतं, सावली भिंतीवर पडत नव्हती. भाकरी ठेवली तर मुंग्यासुद्धा तिच्याजवळ गेल्या नाहीत.

पहिल्या दिवशी राज्यातली कुत्री भुंकायची थांबली. तोंडं उघडत, मिटत, आवाज येत नसे. दुसऱ्या दिवशी कोंबडे आरवले नाहीत. तिसऱ्या दिवशी देवळातली घंटा पुजाऱ्यानं हलवली आणि ती नुसतीच हलली. मग माणसांचे आवाज जाऊ लागले, वेशीजवळच्यांचे आधी. राजा दरबारात बसे, प्रधान ओठ हलवत, आणि सिंहासनामागच्या पडद्याचीही सळसळ होत नसे.

मृगावतीचा आवाज कापसासारखा झाला. रोज सांजेला ती सज्जातून भावाला हाक मारी, "उदय, पानं वाढलीत!" लहानपणापासून मारी. आता ती कानाशी येऊन कुजबुजली, "पाठव त्याला परत."

"अक्का, तो तीन दिवस माझी वाट बघत होता. मी त्याला हाकलू?"

तिनं पुढं काहीतरी विचारलं. ओठ हलले. आवाज नव्हता.

तेवढ्यात तटावर बसलेली टिटवी बोलली.

"तिचा आज सकाळपर्यंत पुरेल असं मला वाटलं होतं. सांजेपर्यंत पुरला. चिवट आहे."

"तुझा कसा राहिला?" उदयभानानं विचारलं.

"माझा अशुभ. तो कुणी नेत नाही."

"हे काय होतंय, टिटवे?"

"तो ऐकतोय. एका शब्दासाठी त्यानं कान लावलेत. बाकीचे आवाज त्या कानांत जातात, परत येत नाहीत. शब्द मिळेपर्यंत असंच. शेवटी तुझाही जाईल, मग तो कधीच मिळणार नाही."

उदयभानाला शब्द ठाऊक होता. पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. तो म्हणाला, "दुसरा उपाय सांग."

टिटवीनं मान वाकडी करून त्याच्याकडं पाहिलं. "कोरड्या तळ्यावर साखळीआई राहते. दुसरे उपाय तिच्याकडं असतात."

कोरडं तळं एका दिवसाच्या वाटेवर होतं. काठावर वाळलेला वड होता आणि त्याच्या पारंब्यांच्या जागी साखळ्या लोंबत होत्या. खाली एक म्हातारी बसून साखळीच्या कड्या मोजत होती.

"शब्द तुझ्या तोंडात, आणि पाय माझ्या दारात," ती म्हणाली.

"तो शब्द म्हटला की तो जाईल."

"जाईल."

"मला तो हवाय, आई. जिवंत. आणि बहिणीचा आवाजही."

म्हातारी हसली. तिच्या तोंडात दात कुत्र्याचे होते. "तीन वस्तू आण. तळ्याच्या तळातून सोन्याचा गळपट्टा. मुक्या घरातली शेवटची भाकरी. आणि असं पिल्लू, ज्याला अजून कुणी हाक मारलेली नाही. तिन्हीसांजेला वेशीत पिल्लाला भाकरी चार, गळपट्टा बांध आणि तुझ्या कुत्र्याचं नाव घे. तो पिल्लाच्या कुडीत येईल. आवाज सुटतील."

"आणि पिल्लू?"

"त्याला नाव नाही. नाव नसलेल्याचा हिशेब कुणी विचारत नाही."

उदयभान उठला. पुढचा प्रश्न त्यानं विचारलाच नाही.

भर दुपारी तो तळ्यात उतरला. तळाशी सोनं चमकत होतं. जवळ गेला तेव्हा दिसलं की ते गळपट्टे आहेत, आणि प्रत्येक गळपट्ट्यात एक कुत्रा आहे. ओळीनं बसलेले, शेकडो. साऱ्यांचे कान उभे, साऱ्यांची तोंडं वाटेकडं. माथ्यावर ऊन, आणि एकाचीही सावली नाही. प्रत्येकाशेजारी एक माणूस मांडी घालून बसला होता. कुणाच्या डोक्यावर मुकुट, कुणाच्या पागोटं. सारे दगडाचे. हात कुत्र्याच्या पाठीवर.

ओळीच्या टोकाला एक गळपट्टा रिकामा पडला होता. त्याच्या शेजारची जागाही रिकामी होती, माणूस बसेल एवढी. उदयभानानं गळपट्टा उचलला आणि मागं न पाहता वर चढला. त्याच्या पावलांचा आवाज येत नव्हता.

मुकं घर शोधावं लागलं नाही. पखालवाल्याची बायको सगुणा वेशीजवळ राहत असे. उदयभानानं दारात उभं राहून भाकरीकडं बोट केलं. सगुणेनं टोपल्यातली शेवटची भाकरी काढली. ती कुत्र्याची होती, राजपुत्राची नव्हे, म्हणून आधी ती घुटमळली. मग दिली. आणि मग तिनं त्याचं मनगट धरलं, पाळण्याशी नेलं, त्याची बोटं बाळाच्या गळ्यावर ठेवली. बाळ रडत होतं. तोंड लाल, डोळे गच्च. गळा बोटांखाली थरथरत होता आणि पाळण्यात शांतता होती. सगुणा त्याच्याकडं बघत राहिली. तिनं हात जोडले नाहीत, डोळ्यांत पाणीही आणलं नाही. उदयभान हात सोडवून घेऊन निघाला.

राज्याच्या सीमेवर दौलू कुंभार राहत होता. तिथवर कवड्याचे कान अजून पोचले नव्हते. भट्टीच्या राखेत एक पिल्लू लोळत होतं. राखेच्याच रंगाचं, एक कान उभा, एक पडलेला. आवाज मात्र मोठा.

"याची आई?" उदयभानानं विचारलं.

"लांडग्यानं नेली, सरकार."

"याला कुणी हाक मारली आहे?"

"हाक कसली, शिव्या घालतो. रोज एक मडकं फोडतंय. काल तर रांजणात पडलं आणि मलाच आतून भुंकत होतं, जसं काही मीच ढकललं."

"मी नेतो."

"न्या, न्या. दोन आणखी हवी असतील तर तीही पैदा करीन." दौलू हसला, मग राजपुत्राच्या हातातला सोन्याचा पट्टा बघून थांबला. "पाळायला नेताय ना, सरकार?"

उदयभान पिल्लू उचलू लागला. पिल्लानं त्याच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. रक्त आलं. घोड्यावर ते त्याच्या अंगरख्यात शिरलं, वाटभर कुरकुरलं, मग झोपलं. त्याच्या छातीवर ऊबदार ओलं झालं, कारण झोपेतच पिल्लानं मुतून ठेवलं होतं. उदयभानाला हसू आलं. त्यानं ते गिळलं.

तिन्हीसांजा झाल्या. वेशीत कवड्या बसला होता. उदयभानानं पिल्लाला समोर ठेवलं, भाकरीचा तुकडा चारला, सोन्याचा गळपट्टा बांधला. मग नाव घेतलं.

"कवड्या."

वेशीतली जागा रिकामी झाली. पिल्लाची कुरकुर मध्येच तुटली. त्याचा पडलेला कान हळूहळू उभा राहिला. डोळ्यांवर दोन पांढरे ठिपके उमटले.

"कवड्या! आलास रे!"

पिल्लानं शेपूट हलवलं नाही. ते सरळ बसलं, कान उभे, तोंड रस्त्याकडं. पिल्लं तशी बसत नाहीत. उदयभानानं त्याला छातीशी धरलं. ते गार होतं. मघाची ऊब गेली होती, आणि अंगरख्याचा ओला डाग अजून वाळला नव्हता.

"मी आलोय. बघ की माझ्याकडं. हा बघ, आलोय मी!"

कान जरासा थरथरला. नजर वळली नाही. कवड्याला माणूस नको होता, शब्द हवा होता.

आवाज सुटले नाहीत. घंटा मुकी, पाळणा मुका. उदयभानानं उठायला पाहिलं, तर मांडी सुटेना. तो कधी बसला होता ते त्यालाच आठवेना. त्याचा हात पिल्लाच्या पाठीवर होता आणि बोटांची टोकं करडी, खरखरीत झाली होती. तळ्यातली ती रिकामी जागा त्याला आठवली. माणूस बसेल एवढी.

वर सज्जात मृगावती आली. तिनं ओठ हलवले. ऐकू काही आलं नाही, पण त्याला कळलं. एकवीस वर्षं तेच तर ऐकत होता. पानं वाढलीत.

आणि तेव्हा, सोन्याच्या गळपट्ट्याच्या आतून, खोल रांजणाच्या तळातून यावं तसं, एक बारीक भुंकणं आलं. रागावलेलं. जसं काही यानंच ढकललं.

उदयभानानं तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसता वारा बाहेर आला. दुसऱ्यांदा वाराही नाही. जीभ दगडासारखी जड झाली होती. तिसऱ्यांदा त्यानं डोळे मिटले. नावासकट शब्द म्हणायचा होता. नावाएवढा श्वास उरला नव्हता.

"मोकळा," तो म्हणाला.

सोनं तडकलं आणि धूळ होऊन गळालं, उदयभानाची बोटं पुन्हा मऊ झाली. काहीतरी ऊबदार त्याच्या गुडघ्याला घासून गेलं. एक शेपूट त्याच्या नडगीवर आपटलं, रोज आपटायचं त्याच जागी, तेवढ्याच जोरानं. मग रस्त्याच्या धुळीत पावलं उमटू लागली. एकामागून एक, आधी सावकाश, मग धावतानाची. सारी जाणारी.

उदयभान पाहत राहिला. दुसरी हाक त्यानं मारली नाही. दात ओठांत रुतवून मारली नाही.

सगुणेच्या घरातून पहिला आवाज आला. बाळानं टाहो फोडला, जणू किती दिवसांचं रडणं एकदम रडत होतं. मग घंटा. मग अवेळी कोंबडे, मग राज्यातली झाडून सारी कुत्री. त्या कल्लोळात टिटवी तटावर उतरली.

"तळ्यावरून आले. तू नाव घेतलं नाहीस, म्हणून शब्द सगळ्यांना लागला. सगळे उठून गेले. दगडांचे हात खाली पडले. तळ्यात पाणी चढतंय, म्हातारी साखळ्या गुंडाळतेय आणि तुला शिव्या घालतेय."

"आणि हे?" उदयभानानं खाली पाहिलं.

ठिपके पुसले गेले होते. एक कान पडला होता. पिल्लानं त्याच्याकडं बघितलं आणि दुसऱ्या अंगठ्याला चावा घेतला.

"उदय!" सज्जातून हाक आली, खणखणीत. "पानं वाढलीत! आणि गळपट्टा अजून खुंटीलाच आहे!"

"येतो, अक्का."

तो गळपट्टा त्यानं स्वतः नदीत सोडला. सोडताना हात उघडायला वेळ लागला. परत आला तेव्हा चुलीपाशी शेवटची भाकरी होती. ती घेऊन तो दारात उभा राहिला. दारी पहिला जो कुत्रा येईल त्याची ती, अशी रीत. पिल्लू त्याच्या मागूनच नदीपर्यंत गेलं होतं आणि मागूनच आलं होतं, पण उंबऱ्याबाहेर थांबलं. राखेत जन्मलेलं, त्याला उंबरा ठाऊक नव्हता.

"मी तुला मारणार होतो," उदयभान त्याला म्हणाला. "आणि तू तो नाहीस. तुला बघितलं की तो आठवेल. चालेल?"

पिल्लू भाकरीकडं बघत होतं.

उदयभान खाली बसला, भाकरी मोडली आणि अर्धी पुढं केली. पिल्लानं दुसरी अर्धी ओढली.

तेरा दिवसांनी त्याचं नाव ठेवलं, रांजण्या. पुढं ते मोठं झालं. उदयभानानं त्याला नदी पोहायला शिकवलं, माग काढायला शिकवलं, घोड्याबरोबर धावायला शिकवलं. 'ठाण' तेवढं कधी शिकवलं नाही. शर्यतीला निघाला की त्याला बरोबर घेई, आणि पळून पळून ते थकलं की पुढ्यात घोड्यावर घेई. लोक हसत.

तर अशी ही वेशीची गोष्ट. जो गेला त्याची वाट मोकळी राहो, आणि जो दारात आला त्याची भाकरी त्याला मिळो.