पहिली वाटी वाटसराची

बसा हो, बसा. मुळांवर नको, त्या पलीकडच्या चिऱ्यावर बसा. फोटो काय, नंतरही काढता येईल, झाड कुठे पळून जात नाही. एवढ्या उन्हातान्हात गाडी घेऊन सड्यावर आलात ते हे एकटं झाड बघायलाच ना? मग ते इथे कसं आलं तेही ऐकून जा.

सडा म्हणजे हा असा, चहूकडे बघा, सगळा कातळ. पावसाळ्यात गवत उगवतं तेवढंच, एरवी करवंदीची जाळीसुद्धा धड जगत नाही. आणि त्यात हे रातांब्याचं झाड. रातांबा म्हणजे कोकम हो, तुमच्या आमटीत पडतं ते. खरं तर त्याला सावली लागते, ओल लागते, माडा-पोफळीच्या आडोशाला ते सुखाने वाढतं. इथे त्याला काय मिळतं? तरी दर वैशाखात लालबुंद होतं. आमच्या परसातली झाडं एखाद्या वर्षी दगा देतात, हे कधी देत नाही. ह्याचं फळ गावात कुणी घरी नेत नाही, वाटसराने तोडून खावं. ह्याला आम्ही द्वारकीचं झाड म्हणतो.

आणि ही वाटी घेऊन उभी आहे ना खाली मान घालून, ती माझी सून, सुलभा. मघाशी तिला तुम्ही हात हलवून 'नको नको, आमच्याकडे थंड बाटली आहे' म्हणालात. रागावले नाही हो मी, तुम्हाला काय ठाऊक! पण ती सकाळपासून का उभी आहे, तेही ह्याच गोष्टीत आहे. ऐका आता.

फार जुनी गोष्ट. तेव्हा हा डांबरी रस्ता नव्हता. घाटावरून बंदरावर जाणारी माणसं ह्या सड्यावरून पायी जायची, आणि सडा उतरला की आमच्या वेळणखोल गावातलं पहिलं घर लागायचं ते द्वारकीचं. नवरा वारलेला, लेक एकुलती एक, तानी. द्वारकीच्या हाताला चव होती म्हणे. रातांब्याचं सरबत करावं तर तिनेच, असं शेजारची गावंसुद्धा म्हणायची.

पण नेमकी तानीच्या लग्नात माती खाल्ली. वऱ्हाड ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त आलं. बरणी पुरेना, तेव्हा बाईने घाबरून सरबतात पाणी वाढवलं. वरमाय वेणूबाई, ती जिभेची फटकळ. तिने एक घोट घेतला आणि भर मांडवात म्हणाली, "विहीणबाई, हात धुतलेलं पाणी दिलंत की काय आम्हाला?" माणसं हसली. बोलणारी बोलून विसरली असेल, पण द्वारकी विसरली नाही. तिला वाटलं, आपल्या पोरीची किंमतच त्या घोटाने उतरली.

त्यानंतर तानीला काही माहेरी पाठवीनात. सणाला नाही, पंचमीला नाही. इकडून निरोप गेला की तिकडून काहीतरी निमित्त यायचं. होता होता तानीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपली रीत. द्वारकीने पुन्हा निरोप धाडला, आणि ह्या खेपेला उत्तर आलं की वैशाखात आम्ही स्वतः येतो, घर-दार बघतो, मग ठरवू.

झालं! बाईच्या अंगात वारं शिरलं. ह्या वेळी वेणूबाईच्या तोंडाला अशी चव लावायची की तिने मुकाट पोरीला धाडलं पाहिजे, एवढंच डोक्यात.

त्या वर्षी रातांबे बेताचेच आले होते. द्वारकीने एकेक पिकलं फळ निवडून घेतलं. धुऊन, पुसून, पंख्याने वारा घालून कोरडं केलं, कारण फळाला पाण्याचा थेंब राहिला तर बरणी आंबते. मग फळ मधोमध चिरायचं, बिया काढायच्या, आणि त्या लाल वाट्यांमध्ये साखर भरून एकीवर एक बरणीत रचायच्या. साखर तेव्हा आमच्याकडे सणासुदीला बघायला मिळायची, बंदरावरून यायची. हिने हातातल्या पाटल्या मोडून आणली म्हणतात. बरणीच्या तोंडाला फडकं बांधून ती अंगणात उन्हाला ठेवली. सकाळी बाहेर, संध्याकाळी आत, तान्ह्या पोराला न्हाऊ घातल्यासारखं सगळं. साखर विरघळली, फळाने रस सोडला, वास सगळ्या वाडीत सुटला. शेजारणी म्हणाल्या, द्वारके, बोटभर चाखू दे ना गो! तर ही म्हणाली, "नाही. पहिली वाटी माझ्या विहिणीची. तिच्याआधी कुणी जीभ लावली तर बरणी उष्टी झाली."

आता असं कुठल्या शास्त्रात आहे? कुठेच नाही. नैवेद्याला ठीक आहे, देवाच्या आधी आपण चाखत नाही. हिने विहिणीलाच देव्हाऱ्यात नेऊन बसवलं!

व्याही यायचे त्या दिवशी सकाळपासून ती रस गाळत बसली होती. साली हाताने पिळून पिळून शेवटचा थेंब काढायचा असतो. कोपरापर्यंत दोन्ही हात लाल. ऊन डोक्यावर आलं, आणि सड्यावरून एक म्हातारा उतरला. पायात वहाण नाही, डोक्याला चिंधी गुंडाळलेली, ओठ फुटलेले. अंगणाच्या कडेला उभा राहून म्हणाला, "बाई, पाणी देतेस?"

पाणी दिलं हो तिने. ते नाही दिलं असं म्हणून उगाच पाप नको माथी. तांब्या भरून दिला. त्याने दोन घोट घेतले आणि थांबला. म्हणाला, "कालपासून पोटात काही नाही. नुसतं पाणी पोटात लागतंय गो. गुळाचा खडा असला तर बघ, नाहीतर काहीही गोड."

द्वारकीच्या मागे पडवीत बरणी. साखरेच्या वासाने मुंग्यांची रांग लागलेली. आणि ती म्हणाली, "घरात गोडाचं काही नाही हो, बाबा."

म्हाताऱ्याने तिच्या हातांकडे पाहिलं. तिला ते कळलं, तिने हात पदराखाली घेतले. तो चिडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "असू दे बाई. नसलं तर तू तरी कुठून देशील!" तांब्या पालथा घालून ठेवला, आणि आला त्याच वाटेने परत सड्याकडे चालू लागला. त्याला जायचं होतं बंदराकडे, म्हणजे खाली. वर का गेला? भोवळ आली होती, दिशा समजली नसेल. हिने हाक मारून सांगायला हवं होतं की बाबा, वाट इकडे. तोंडच उघडलं नाही तिचं. माझी सासू गोष्ट सांगताना इथवर आली की आम्हा बायकांना एकमेकींकडे बघवत नसे.

उन्हं कलली तेव्हा बैलगाडी आली. गाडीत वेणूबाई नव्हती! ती गाडीच्या बाजूने चालत होती, आणि तिच्या जागेवर तो म्हातारा आडवा घातलेला. सड्यावर, हे झाड आहे ना, नेमका इथे पडलेला सापडला होता. वेणूबाईने लांबूनच हाक दिली, "विहीणबाई, आमचं राहू दे, आधी ह्याला काहीतरी गोड द्या! जीव चाललाय!"

द्वारकीने बरणी उघडली. पहिली वाटी भरली आणि म्हाताऱ्याच्या ओठांना लावली. थोडं सरबत त्याच्या दाढीवर सांडलं म्हणे. दोन घोट पोटात गेल्यावर त्याने डोळे उघडले. तिचा चेहरा पाहिला, हात पाहिले.

वेणूबाई म्हणाली, "अहो बाबा, सडा उतरला की हेच तर पहिलं घर. इथे नाही का थांबायचं?"

म्हातारा म्हणाला, "डोळ्यांपुढे अंधारी आली होती. घर काही दिसलं नाही." आणि वाटी संपवून द्वारकीला म्हणाला, "गोड आहे हो, बाई."

बघा, काय माणूस! मरता मरता वाचला, आणि शुद्धीवर येऊन पहिलं काम केलं ते तिची अब्रू झाकायचं.

ते तिथेच मिटलं असतं. वेणूबाईने दुसरी वाटी हातात घेतली होती. खुशीत येऊन म्हणत होती की विहीणबाई, असं घर दिसलं नाही हे त्याचंच दुर्दैव, तुम्ही काय त्याला उपाशी जाऊ दिलं असतं? तानीचं माहेरी येणं आता जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. द्वारकीने नुसतं गप्प राहायचं, एवढंच. वर्षभर जिच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ती लेक घरी येत होती.

तिला ते कौतुक गिळवलं नाही. ती म्हणाली, "दिसलं होतं त्याला घर. इथे, ह्या अंगणात उभा होता. माझ्याकडे गोड मागितलं. मी नाही म्हटलं."

वेणूबाईला कळेना. "का हो? बरणी तर भरलेली!"

"ती तुमची होती. पहिली वाटी तुम्हाला द्यायची होती. लग्नात तुम्ही जे बोललात ना, त्यासाठी."

वेणूबाईने हातातली वाटी खाली ठेवली, न पिताच. उठली, गाडीत जाऊन बसली, आणि गाडी वळली सुद्धा. म्हातारा त्या गडबडीत केव्हा उठून गेला कुणाला समजलं नाही. त्याचं नाव-गाव कुणी विचारलंच नव्हतं. रात्रभर द्वारकी त्या भरल्या वाटीसमोर बसून होती. आपल्या तोंडाने आपण लेकीची वाट बंद केली, हे ती धरून चालली.

आता काही लोक सांगतात की तो म्हातारा म्हणजे देव होता, परीक्षा बघायला आला होता. मला नाही पटत. परीक्षा म्हटलं की सगळं कसं सोपं होतं, शेवटी देवाने माफ केलं, मिटलं! तो साधा भुकेला माणूस होता. म्हणूनच तर लाज वाटते.

चार दिवसांनी तीच गाडी पुन्हा दारात आली. आत तानी, एकटी. द्वारकी धावली. पोरगी म्हणाली, "आई, सासूबाईंनीच धाडलं. म्हणाल्या, तू जा बाळंतपणाला. मी काही येत नाही. माझ्या एका बोलण्यापायी तुझ्या आईने उपाशी माणसाला दारातून परत धाडलं. मला तिच्यापुढे उभं राहायची लाज वाटते."

म्हणजे दोघी आपापल्या घरी तोंड लपवून बसल्या होत्या!

रातांब्याचा डाग दोन-चार दिवसांत उतरतो हो. द्वारकीचा उतरेना. राखेने घासलं, रिठ्याने घासलं, लिंबाने घासलं, कातडं सोललं पण रंग जाईना. तानीला मुलगा झाला. सुइणीने बाळ पुढे केलं तर आजीने पदरात हात गुंडाळून घेतला आणि मग धरलं. नातवाला उघड्या हातांनी शिवायचं धाडस होईना तिला.

पुढच्या वैशाखात तिने बरणी घातली, आणि रस तयार झाल्यावर पहिली वाटी घेऊन ह्या जागेवर येऊन उभी राहिली. लाल हात उघडे टाकून. दिवस कलताना एक वाटसरू आला. कोण, कुठला, काही विचारलं नाही तिने. ज्याचं नाव विचारायला हवं होतं त्याचं राहून गेलं, आता कुणाचं विचारायचा तिला हक्क वाटेना. तो सरबत प्याला आणि सहज म्हणाला, "गोड आहे हो, बाई." तिथेच ओक्साबोक्शी रडली म्हणे ती. मग दर वर्षी यायची. येताना रातांबे खात असेल, बी टाकत असेल. त्यातलं एक कातळाच्या फटीत रुजलं, असं सांगतात. ते रोप दिसलं त्या दिवशी तिचे हात स्वच्छ झाले असंही काही जणी सांगतात. माझी सासू म्हणायची, नाही झाले, मरेपर्यंत तसेच होते. आणि सरणावरसुद्धा तिने सांगून ठेवल्याप्रमाणे हात झाकले नव्हते.

आजही वेळणखोलात रातांब्याची बरणी उघडली की घरच्या बाईने हात धुवायचे नाहीत. तसेच लाल हात घेऊन इथे यायचं आणि पहिली वाटी अनोळखी माणसाला द्यायची. नाव विचारायचं नाही, जात विचारायची नाही. तो प्यायल्याशिवाय घरात कुणी थेंब चाखायचा नाही. पूर्वी ठीक होतं, माणसांची वर्दळ होती. आता रस्ता झाला, सगळे काचा लावून भुर्रकन जातात. गेल्या वर्षी आम्ही एसटीच्या ड्रायव्हरला थांबवलं, त्याआधी एका गॅस सिलिंडरवाल्याला. बिचारा घाबरला, म्हणाला, मावशी, ह्यात काय घातलंय!

माझी नातवंडं सकाळपासून बरणीभोवती घुटमळताहेत. आणि सुलभाचा तीन गाड्यांना हात करून झाला. तुम्ही चौथे.

आता तुम्हाला बळजबरी नाही. साखर चालत नसेल तर एक घोट घ्या. पण घेताना नुसती वाटीकडे बघून घेऊ नका, तिच्या हातांकडे बघा. ती ते लपवणार नाही. पिऊन झालं की त्या म्हाताऱ्याने म्हटलं होतं तेवढंच म्हणायचं, म्हणजे ती मान वर करेल.

सुलभा, ये गो पुढे. घेताहेत ते.