वाढवायचंय

"मग आता सांगा काका, यातून एक तरी शब्द राहिलाय का?"

ऋतुराजने पुस्तिका काउंटरवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकला. शाबासकी घ्यायला माणूस उभा राहतो तसा उभा राहिला.

त्रिंबककाका पोतदारांनी चष्मा पुसला. पुस्तिकेला हात लावला नाही.

"किती आहेत?"

"दोनशे बारा. सराफीत रोज तोंडी येणारे सगळे. घडणावळ, घट, टंच, मोड... गुंज-माशापासून थेट हॉलमार्कपर्यंत. अर्थासकट."

"हं."

काकांचं 'हं' वाईच्या सराफ आळीत प्रसिद्ध होतं. त्यात होकार किती आणि नकार किती, हे जोखणारा काटा अजून निघालेला नाही.

ऋतुराज शहाणे मुंबईत रत्नपरीक्षेचा डिप्लोमा करून, मोठ्या शोरूममध्ये चार वर्षं काउंटर सांभाळून आला होता. आता आठ महिने काकांच्या हाताखाली होता. हुशार होता, त्यात खोट नाही. खडा नुसता बोटांत फिरवून सांगायचा, खरा की बनावट. फक्त आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्त वेळ आठवायचं. आणि आडनाव शहाणे. काकांना ते आडनाव फार उपयोगी पडायचं.

शनिवारी सराफ संघाची बैठक होती. पुस्तिका छापून गावातल्या प्रत्येक दुकानात नव्या मुलामुलींना द्यायची, असं ठरत होतं. अध्यक्षांनी एकच अट घातली होती. पहिल्या पानावर पोतदारांची सही आण. सही नसेल, तर जुने दुकानदार त्या कागदात पुड्या बांधतील.

"घट म्हणजे काय लिहिलंयस?" काकांनी विचारलं.

"जुना दागिना वितळवताना सांध्यांची डाक आणि मळ जाऊन वजनात येते ती तूट."

"पाठ केलंयस."

"चूक आहे का?"

"बरोबर आहे."

"मग सही करताय ना?"

"एखादा शब्द राहिला असेल तर येईल दुकानात. बस जरा."

ऋतुराजला हे बोलणं काही आवडलं नाही. शब्द काय पायांनी चालत येतात? पण बसला. म्हाताऱ्याची सही हवी असेल तर म्हाताऱ्याचं ऐकावं लागतं.

बारा वाजून गेले होते. काका आत पाणी प्यायला गेले आणि तेवढ्यात एक बाई दुकानाची पायरी चढली. पन्नाशी ओलांडलेली, साधं सुती पातळ, हातात कापडी पिशवी. चपला पायरीवरच काढल्या. आता कोण काढतं? स्टुलाच्या कडेला बसली, इकडेतिकडे पाहिलं आणि पदर बाजूला करून गळ्यातलं मंगळसूत्र दोन बोटांत धरलं.

"हे वाढवायचंय," ती म्हणाली. हळू म्हणाली.

ऋतुराज उठलाच.

"वाढवू की मॅडम. किती इंच?"

बाई त्याच्याकडे बघत राहिली.

"आत्ता चोवीस असेल. तीस करून टाकू. लांब असलं की उठून दिसतं. मध्ये चार सोन्याचे मणी घातले तर भारदस्त होईल. आणि वाट्या जरा बारीक आहेत, नाही का? एक्स्चेंजमध्ये मोठ्या देतो."

बोलता बोलता त्याने नमुन्यांचा ट्रे काढला. त्यातलं एक उचलून बाईच्या गळ्याशी धरलं, आणि काउंटरवरचा आरसा तिच्यापुढे सरकवला.

"बघा तर. नुसतं बघायला काय जातंय."

बाईने आरशात पाहिलं आणि मान खाली घातली.

काका आतून आले ते तेव्हा. हातात फुलपात्र होतं. ऋतुराज इतका वेळ बाईच्या गळ्याकडे बघत होता. काकांनी आधी तिचं कपाळ पाहिलं. कपाळ कोरं होतं. कुंकवाच्या जागी गोल, फिकट खूण तेवढी राहिली होती.

काकांनी फुलपात्र खाली ठेवलं. पुढे होऊन आरसा पालथा घातला.

"हा ट्रे आत नेऊन ठेव."

"काका, त्याच म्हणाल्या वाढवायचंय, म्हणून मी..."

"ऐकलं मी."

आणि मग ऋतुराजच्या डोक्यात उजेड पडला.

आपल्यात मंगळसूत्र तुटलं असं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढते. जे तोंडाने म्हणवत नाही त्याला माणसं उलटा शब्द वापरतात. हे काय ऋतुराजला माहीत नव्हतं? लहानपणी आईच्या हातातली बांगडी फुटली असं तो बोलून गेला होता, तेव्हा आजीने कान पिळला होता. घरी सगळं ठाऊक होतं. काउंटरवर उभा राहिला की मात्र त्याला इंच आठवायचे.

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. ट्रे आत ठेवून आला. येताना पुस्तिका काउंटरवरून उचलली आणि गुपचूप खणात टाकली.

"कधी?" काका बाईंना विचारत होते.

"परवा तेरावं झालं."

"मालक काय करायचे?"

"यष्टीत कंडक्टर होते."

"नाव?"

बाईने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"महादेव," ती म्हणाली. आणि स्वतःच दचकली. तीस वर्षांत उखाण्याशिवाय हे नाव तिने घेतलं नव्हतं. "आता घेतलं तरी चालतं म्हणे."

काका तिच्यासमोर बसले.

"दहाव्याला घाटावर बायका पुढं झाल्या," ती सांगू लागली. "एकीनं हात घातला गळ्यात. मी म्हटलं, हात लावायचा नाही. हिसकून घ्यायला मी काय चोरी केलीय? जिथं ओवलं तिथं जाऊन वाढवीन. दीर म्हणाले, ठीक आहे, पण वाढवल्याशिवाय घरात देवाला हात लावायचा नाही. सुतक फिटलं तरी मी देवापुढं दिवा लावलेला नाही."

"इथं ओवलं होतं?"

"तुम्हीच ओवलं होतं. तेव्हा तुमच्या मिश्या काळ्या होत्या."

"मला आठवत नाही."

"मला आठवतंय."

काकांनी खणातून गुलाबी कागद काढला, काउंटरवर पसरला, कडा चारही बाजूंनी वर दुमडल्या. मग हात पुढे केला नाही. बसून राहिले.

बाईने दोन्ही हातांनी मंगळसूत्र डोक्यावरून काढलं. केसांत अडकलं. तिने ते सोडवलं, कागदावर ठेवलं आणि हात मांडीवर घेतले.

"कात्री देऊ?" ऋतुराजने विचारलं.

"नको."

काकांनी सुई घेतली. मागची गाठ शोधली आणि तिच्यात सुईचं टोक घालून हळूहळू सैल करायला लागले. तीस वर्षांची गाठ, घामाने आणि तेलाने घट्ट झालेली. सुईचं टोक काकांच्या बोटांतून दोनदा निसटलं. ऋतुराजला वाटलं, आपण घ्यावी सुई. पण मागायची हिंमत झाली नाही. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. बाजूच्या दुकानातून चहा आला, तो तसाच निवला.

गाठ सुटली. मणी कागदावर घरंगळले. बाईचा हात आपोआप गळ्याशी गेला आणि तिथे काही न सापडल्यासारखा परत खाली आला. तिचे डोळे भरले. तिने ते पदराने पुसले, लपवले नाहीत.

मग तिने दोन वाट्या वेचून बाजूला घेतल्या.

"ही माहेरची. ही सासरची. हिला जरा पोचा आहे बघा."

ऋतुराजला फार वाटत होतं, की आता तरी आपण काहीतरी बरं बोलावं. माणूस असा धडपडतो तेव्हा नेमकं नको ते तोंडातून जातं.

"मोड घालायची का, काकू?" तो म्हणाला. "आजचा भाव चांगला आहे." आणि सवयीने काट्याकडे वळला.

मोड म्हणजे जुना दागिना वितळवायला देणं. सराफीतला रोजचा शब्द, त्याच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर होता. बाईने पटकन दोन्ही वाट्यांवर तळहात ठेवला.

"जोखू नका."

काकांनी ऋतुराजकडे पाहिलं. एवढं पुरलं. तो हात मागे बांधून उभा राहिला.

"वाढवलं?" बाईने विचारलं.

"वाढवलं," काका म्हणाले.

"रीतीप्रमाणं झालं सगळं?"

"झालं."

"कुणी येऊन विचारलं तर सांगाल?"

"सांगेन. माझ्या हातांनी वाढवलं."

बाईने मोठा श्वास घेतला. पाठ ताठ केली. आली तेव्हापासून पहिल्यांदा ती स्टुलावर नीट बसली.

"मग आता परत ओवून द्या."

ऋतुराजला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. आज त्याचा स्वतःच्या कानांवर भरवसा उरला नव्हता.

"जसं होतं तसंच द्या," ती म्हणाली. "मी घालणार आहे. दीर म्हणाले वाढव, वाढवलं. त्यांची रीत झाली. माझा गळा मोकळा ठेव असं आमचे हे कधी म्हणाले नव्हते. दवाखान्यात मी पलंगाला डोकं टेकून झोपायचे, तर हे वाटी मुठीत धरून पडायचे. जाताना मूठ माझ्या पोरीनं सोडवली. ते मी काढून कुठं ठेवू? कपाटात?"

"काळे मणी?" काकांनी विचारलं.

बाईने क्षणभर विचार केला.

"काळे मणी पण."

"घरी कोण आहे?"

"सगळी भाऊकी बसलीय. मी मोकळ्या गळ्यानं येते का बघायला."

"बोलतील."

"बोलतील. माझ्या सुनेला पण बोलतील, तिनंच मला यष्टीत बसवून दिलंय. पण आज नाही घातलं तर मग मी कधीच घालणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून इथंच ओवून द्या. मी बसते."

काकांनी मान हलवली. धीर दिला नाही, चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. उलट ऋतुराजला म्हणाले, "माझ्या बोटांनी आता ओवणं व्हायचं नाही. गुलाबभाईंकडे दे. म्हणावं, बाई बसल्यात."

गुलाबभाई पटवेकरी दोन दुकानं पलीकडे बसायचे. सगळ्या आळीचं ओवण्या-गाठण्याचं काम त्यांच्याकडे. मात्र त्यांचा एक नियम होता. चिठ्ठी नसलेली पुडी ते हातात घेत नसत. आणि चिठ्ठी आली की ती मोठ्याने वाचून मगच पुडी उघडायची, चार माणसांसमोर. पुढे तंटा नको.

ऋतुराजने मणी गोळा केले. एक मणी काउंटरच्या फटीत गेला होता, तो त्याने गुडघ्यावर बसून, ओल्या बोटाने काढला. कागदाच्या घड्या घातल्या. बाई त्याच्या हातांकडे बघत होती. त्याने घाई केली नाही.

मग चिठ्ठी ओढली. चिठ्ठीवर दोन रकाने असतात. एक गिऱ्हाइकाचा, एक वस्तूचा.

"नाव काय घालू, काकू?"

"शेवंता महादेव जगदाळे."

त्याने लिहिलं. सुवाच्य लिहिलं. दुसऱ्या रकान्याशी आला आणि पेन थांबलं.

मंगळसूत्र लिहावं, तर गुलाबभाई ते मोठ्याने वाचणार, तिथे बसलेला कुणीतरी पुडीबरोबर नाव ऐकणार, आणि महादेव कंडक्टर गेल्याचं निम्म्या तालुक्याला माहीत; ती घरी पोचायच्या आत बोभाटा व्हायचा. माळ लिहावी, तर या दोन वाट्यांचं काय? 'जुना दागिना' लिहिलं तर बाई समोर बसलीय, तिला काय वाटेल? एका दिवसात दोनदा तो तिला लागेल असं बोलला होता. तिसऱ्यांदा बोलायचं नव्हतं. दोनशे बारा शब्द त्याने मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळले. एकही बसेना.

बाई वाट बघत होती. घरी भाऊकी वाट बघत होती.

तो काकांकडे झुकला. आवाज अगदी खाली आणला.

"काका... वस्तूच्या जागी काय लिहू?"

काका सुई पुसत होते. त्यांनी ती डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं. वर पाहिलं नाही.

"मला काय विचारतोस? घालणार मी आहे का?"