चालू यंत्राची बॅटरी

“किती सेकंद मिळतात मला?”

“कशासाठी?”

“जुनी बॅटरी काढून नवी बसवायला.”

दस्तगीर मुजावरांनी हातातल्या मिक्सरमधून मान वर काढली नाही. “एकही नाही,” ते म्हणाले.

हेमंत टिपणीसांना हे उत्तर रुचलं नाही. ते पुण्याच्या एका कारखान्यात विद्युत विभागाचे प्रमुख होते, आणि प्रमुखाला निदान एक आकडा तरी मिळायला हवा अशी त्यांची समजूत होती.

मुजावरांचं दुकान साताऱ्यात. एके काळी जिल्ह्यातल्या सगळ्या व्हिडिओ गेम पार्लरांची यंत्रं त्यांच्या हाताखालून जायची. पार्लरं गेली, मिक्सर उरले. जुने लोक अजून त्यांना उस्ताद म्हणत.

टिपणीसांनी टॉवेलात गुंडाळलेला बोर्ड काउंटरवर ठेवला.

“पाचगणीच्या बाजारात आमच्या दादांचं पार्लर होतं, उस्ताद.”

“ठाऊक आहे. विमानांच्या लढाईचं यंत्र त्यांनी विकलं नाही.”

“घरी आहे. त्यातलाच हा.”

गेल्या वर्षी टिपणीसांच्या वडिलांची, म्हणजे दादांची, उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टरांनी हाताच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला. तो दादांनी शेजारच्या कुत्र्याला दिला. मात्र रोज दुपारी ते त्या यंत्रासमोर बसत, डाव्या हाताने दांडी धरत, आणि गोळीच्या बटणावर त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं हलत. दुसऱ्या कशासाठीही ती हलत नसत. घास उचलायलाही नाही.

“बॅटरी अडीच व्होल्टवर आलीय,” टिपणीस म्हणाले. “साडेतीन हवेत. ती संपली की चिपमधली सांकेतिक किल्ली पुसली जाणार. किल्ली नसली की खेळ उघडत नाही. नुसता निळा पडदा.”

“हं.”

“सरावाला असेच दोन बोर्ड जुन्या बाजारातून मिळवले होते.”

“मग?”

“मेले.”

“किती सेकंदांत?”

“पहिला नऊ. दुसरा… सव्वातीन.” दुसऱ्याच्या वेळी टिपणीसांचा आवाज थोडा चढला. “तेव्हापासून रोज पहाटे त्या मेलेल्यांवरच सराव करतोय. स्टॉपवॉच लावून. आता एक पॉइंट आठवर आलोय. घरातले म्हणतात, भंगारात घाला आणि दादांना मोबाइल घेऊन द्या. मी सोडणार नाही.”

“अजून चार महिन्यांत एक सेकंदावर याल.”

“येणारच!”

“मग हा बोर्ड एका सेकंदात मरेल.”

टिपणीसांनी टॉवेलाचं टोक सरळ केलं. समोरच्या हॉटेलात कुणीतरी कपबशा विसळत होतं…

“मला शिकवा,” शेवटी ते म्हणाले. प्रमुख झाल्यापासून हे वाक्य त्यांनी प्रथमच उच्चारलं असावं. ते जरा अडकतच बाहेर आलं.

मुजावरांनी टॉवेल पुन्हा बोर्डावर घातला. “घेऊन जा. होता तसा यंत्रात बसवा. घरी इन्व्हर्टर आहे?”

“आहे.”

“गुरुवारी येतो. दादांना समोर बसवून ठेवा.”

गुरुवारी दुपारी मुजावर एसटीने पुण्याला आले. हात हलवत आले.

टिपणीसांनी तयारीत काही बाकी ठेवलं नव्हतं. भिंग, चिमटे, नवी बॅटरी, तापलेलं सोल्डरिंग आयर्न, शेजारी स्टॉपवॉच. यंत्राचं मागचं दार उघडं होतं. प्लग काढलेला होता, आणि सॉकेटवर कागद चिकटवला होता: ‘काम चालू आहे. वीजपुरवठा सुरू करू नये.’ खाली सही आणि तारीख.

मुजावरांनी तो कागद वाचला. सही नीट पाहिली. मग कागद काढला, प्लग लावला आणि बटण दाबलं.

पडदा उजळला. संगीत सुरू झालं.

“उस्ताद! चालू यंत्रात हात घालायचा?” टिपणीस ओरडलेच. “तीस वर्षं मी पोरांना शिकवतोय, आधी वीज बंद, मग झाकण!”

“बरोबर शिकवताय. माणूस मरू नये म्हणून.”

“मग?”

“या बोर्डावर पाच व्होल्ट आहेत. इथे मरायला कोण टेकलंय?”

यंत्र चालू असताना चिपला वीज भिंतीतून मिळते. बॅटरी लागते ती यंत्र बंद असतानाच. हे टिपणीसांना माहीत होतं. आकृतीत स्पष्ट काढलेलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी ती आकृती काळजीपूर्वक पाहिली होती, यंत्र काळजीपूर्वक बंद केलं होतं, आणि मग बॅटरी काढली होती.

त्यांनी घाम पुसला आणि आयर्न उचललं. मुजावरांनी त्याचा प्लग उपटला.

“याच्यातून भिंतीची वीज बोर्डात उतरली तर किल्ली गेली. ते चालू, हे बंद.”

“पण हे गार होईल!”

“गार होईपर्यंत जेवढं होईल तेवढं करा. मग पुन्हा तापवा.”

टिपणीसांनी सवयीने स्टॉपवॉचकडे हात नेला. ते मुजावरांच्या खिशात गेलेलं होतं.

“दादा,” मुजावर म्हणाले, “चालू द्या तुमचं.”

दादांनी नाणं टाकलं. टिपणीस यंत्राच्या मागे गुडघे टेकून बसले. तिथून पडदा दिसत नव्हता. फक्त गोळ्यांचा आवाज येत होता. तो चालू आहे तोवर किल्ली शाबूत, एवढंच त्यांना कळणार होतं.

बॅटरीचा एक पाय सुटला.

आयर्न गार झालं. पुन्हा तापवलं, प्लग काढला.

“हेम्या,” पुढून दादांचा जडसा आवाज आला, “मागे घूस शिरलीय की काय? किती खुडबुड!”

दुसरा पाय सुटला. जुनी बॅटरी टिपणीसांच्या तळहातावर पडली. आता बोर्डावर बॅटरी नव्हती…

गोळ्या थांबल्या.

टिपणीसांनी चिमटा खाली ठेवला. “दादा!”

त्यांनी यंत्राच्या बाजूवर थाप मारली.

“दादा, पडदा निळा झाला का?”

“ठसका लागला रे. पाणी पीत होतो. पाडलंस ना एक विमान माझं!”

पुन्हा गोळ्या सुरू झाल्या. टिपणीसांनी डोळे मिटले, उघडले, आणि नव्या बॅटरीचा पाय भोकात घातला. आयर्न चार वेळा गार झालं, चार वेळा तापलं. एक पॉइंट आठ सेकंदांच्या माणसाला सव्वीस मिनिटं लागली.

मीटर लावला. काटा साडेतीनच्या थोडा पुढे गेला.

टिपणीस पुढे आले. गुडघे धुळीने माखलेले, शर्ट पाठीला चिकटलेला. ते थेट सॉकेटच्या बटणाकडे गेले.

“हात लावशील तर बघ!” दादा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “वर्षात पहिल्यांदा सहाव्या पातळीवर आलोय.” त्यांची दोन बोटं बटणावर उडत होती. तिसरंही, टेकल्यासारखं, मधूनच हलत होतं.

“उस्ताद,” टिपणीस हलक्या आवाजात म्हणाले, “एकदा बंद करून चालू केल्याशिवाय मला कसं कळणार, जमलं की नाही?”

“नाही कळणार.”

“मग?”

“डाव संपू दे त्यांचा.”

“संपायला तासही लागेल. तोवर मी काय करू?”

मुजावरांनी पायाने स्टूल दादांच्या शेजारी सरकवलं.

“बसा, साहेब. दुसरी दांडी मोकळी आहे.”